आवाज गावभर, नाव मात्र घरीच

मैत्रिणींनो, उन्हाळा आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी पापड, कुरड्या, सरगुंडे यांचा धडाका सुरू होतो. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक घरगुती उद्योग जोरात आहे. त्याला ना ऊन लागतं, ना पोळपाट-लाटणं. तो म्हणजे घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करण्याचा! बचत गटांच्या कामानिमित्त माझं गावोगाव फिरणं असतं. पूर्वी बैठक संपली की बाया हप्त्याबद्दल बोलायच्या. आता हळूच मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ‘ताई, हे आइकून पाहा बरं, कसं झालं?’ म्हणून आज नेहमीच्या जड विषयांना जरा सुट्टी देऊन या सुरांच्या बाजारातल्या ताज्या बातम्या तुम्हाला सांगते. शेवटी एक गंभीर मुद्दा येणारच, तेवढी तुम्हाला माझी सवय आहे.

बातमी पहिली, दारव्हा तालुक्यातून. एका गावच्या महिला भजनी मंडळाने स्वतःचा ‘स्टुडिओ’ थाटला आहे. जागा, मंडळाच्या अध्यक्षबाईंची मधली खोली. साहित्य म्हणजे एक मोबाइल, पाच-सहाशे रुपयांचा कॉलर माईक, खंजिरी, टाळ, जुनी पेटी आणि नऊ गोधड्या. गोधड्या कशाला, तर मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. गोधड्या टांगल्या की त्या तो पिऊन टाकतात. काही पोरं भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात, पण त्याने घुमणं जरासं कमी होतं इतकंच. बाहेरचा आवाज काही अडत नाही. त्यापेक्षा गोधडी बरी, रात्री पांघरताही येते.

रेकॉर्डिंगची वेळ दुपारी दोन ते चार. नळ येऊन गेलेले असतात, पिठाची गिरणी बंद असते, पुरुष मंडळी बाहेर आणि मुलं शाळेत नाहीतर झोपलेली. पंखासुद्धा बंद ठेवायचा, कारण तो माईकमध्ये घरघरतो. यवतमाळच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला पंखा बंद करून भजन म्हणायचं म्हणजे तपश्चर्याच की! मागे एकदा सगळं छान जमून आलं होतं, शेवटचं कडवं सुरू होतं आणि शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. बायांनी ते तसंच राहू दिलं. म्हणाल्या, ‘डाळ बी शिजली आन् भजन बी.’

बातमी दुसरी, नेरकडच्या मुलींची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. गाणी झाली की बंद डबा वाजवायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, हा आपला रिवाज. या मुलींनी भुलाबाईची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली, शेवटी डबा वाजवला आणि ऐकणाऱ्यांनाच खाऊ ओळखायला लावला! पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या इथल्याच लेकीबाळींनी भराभर उत्तरं पाठवली. शेंगदाण्याचे लाडू कोणालाच ओळखता आले नाहीत. एका मावशींनी मात्र ‘डबा रिकामा हाय, नुसतेच खडे टाकले’ असा थेट आरोप केला.

बातमी तिसरी, दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवरची. होळीला बंजारा समाजात लेंगी म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आता होळीच्या महिनाभर आधीच नवीन लेंगी गाण्यांची लगबग सुरू होते. एखादा पोरगा लॅपटॉपवर ताल तयार करतो, आई आणि काकू त्याला जुने शब्द पुरवतात, वहिनी गाते. शेजारच्या खानदेशातल्या, जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा घरातल्या संजू राठोडने लिहिलेलं आणि गायलेलं ‘गुलाबी साडी’ हे गाणं २०२४ मध्ये देशभर गाजलं. तेव्हापासून लॅपटॉपवाल्या पोराला ‘गाण्यानं पोट भरते काय?’ असं विचारणाऱ्या आया जरा गप्प झाल्या आहेत. पूर्ण गप्प नाही, जरा!

बातमी चौथी, १४ एप्रिलची. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीवस्तीतून नवं गाणं निघतं, आणि आता त्यात बायांचे आवाज वाढले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचं नाव त्या सगळ्याजणी घेतात. हातात एकतारी, मागे वाद्यवृंद नाही की रोषणाई नाही. साध्या मोबाइलवर घेतलेल्या त्यांच्या चित्रफिती लोकांनी एकमेकांना पाठवल्या आणि हा आवाज महाराष्ट्रभर पोचला. एक एकतारी आणि एक मोबाइल एवढ्यावर होतं, म्हटल्यावर इतरांनाही धीर आला.

बातमी पाचवी थोडी हळवी आहे. मारेगाव-झरीकडच्या एका कोलाम पोडावर आश्रमशाळेत शिकणारी एक मुलगी सुट्टीत घरी आली की आजीची कोलामी गाणी फोनमध्ये भरून घेते. आजी आधी लाजली. मग स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाली, ‘ही बुढी कोन व? चांगली गाते.’ मुलगी ती गाणी कुठेही टाकत नाही. फक्त जपून ठेवते आणि वसतिगृहात झोपताना ऐकते.

आणि ठळक घडामोडींत शेवटची. बऱ्याच घरी आता नवरे माईक धरायला शिकले आहेत. हात दुखला तरी बोलत नाहीत, कारण बोलले की पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं. इतकी शांतता कित्येक घरांत लग्नानंतर पहिल्यांदाच नांदते आहे!

इथपर्यंत गंमत झाली. आता हे सगळं आलं कुठून, ते थोडं पाहू.

आपल्या आई-आजीच्या काळी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे दोनच दारं होती, ग्रामोफोन कंपनी नाहीतर आकाशवाणी. एचएमव्हीचा दबदबा इतका होता, की ती कंपनी ज्यांना बोलावेल तेच गायक. आकाशवाणीसाठी स्वरपरीक्षा द्यावी लागे, त्यासाठी नागपूर गाठावं लागे, आणि लेकुरवाळ्या बाईला नागपूर म्हणजे लंडनइतकंच दूर. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि हे दार जरा किलकिलं झालं. गुलशनकुमार यांच्या टी-सिरीजने स्वस्त कॅसेटींचा सुकाळ केला. लहान कंपन्या निघाल्या, भीमगीतं, कव्वाल्या, लोकगीतं, गावच्या देवाची गाणी बाजारात आली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, आनंद-मिलिंद शिंदे हे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून घरात पोचले. पण कॅसेट काढायलाही पैसा लागायचा आणि शहर लागायचं. बाई कॅसेट ऐकायची, काढायची क्वचितच.

मग मेमरी कार्डात वीस-तीस रुपयांत गाणी भरून देणारी दुकानं आली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट एकदम स्वस्त झालं आणि गाणं ऐकायला दुकानात जाण्याची गरज संपली. खरी क्रांती मात्र यानंतरची आहे. ज्या फोनवर गाणं ऐकायचं, त्याच फोनमध्ये गाणं भरताही येतं, हे बायांच्या लक्षात आलं. त्यासाठी नागपूरला जायला नको, सासूबाईंना कारण सांगायला नको. दुपारची झोप तेवढी सोडायची.

घरी केलेल्या रेकॉर्डिंगला कमी समजू नका. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाच्या मोठ्या गायकाने १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम काढला. तो त्याने घरी, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला होता. पुढे साथीदारांना घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या कॅसेटची सर येईना, म्हणून शेवटी घरचंच बाजारात आणलं. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये बिली आयलिश या कोवळ्या मुलीचा पहिला अल्बम आला. तो मुख्यतः लॉस एंजेलिसच्या घरी, तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला होता. २०२० च्या जानेवारीत त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा दारव्ह्याच्या नऊ गोधड्यांना हसण्याचं कारण नाही.

आता माझा मुद्दा. त्या अल्बमवर बिलीचं नाव आहे, संगीत करणाऱ्या भावाचंही नाव आहे. आपल्या बायांच्या गाण्यांवर कोणाचं नाव आहे?

मी वेगवेगळ्या गावच्या बायांकडून आलेली तीसेक गाणी मुद्दाम पुन्हा उघडून पाहिली. गाणं कोणी रेकॉर्ड केलं, चॅनेल कोणाचं, फोन नंबर कोणता, मंडप-डेकोरेशन कोणाचं, सौजन्य कोणाचं, सगळं ठळक अक्षरांत होतं. गाणारी? ‘महिला मंडळ, अमुक गाव.’ नाहीतर ‘पारंपरिक गीत.’ नाहीतर काहीच नाही.

आमच्या एका गटात कापूस वेचायला जाणारी एक ताई आहे. तिने पुतणीच्या लग्नात हळदीची गाणी म्हटली. कोणीतरी ती फोनमध्ये घेतली. सहा महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यातल्या लग्नात तिला स्वतःचाच आवाज डीजेवर ऐकू आला, खाली धडाधड ठेका लावलेला. शोध घेतला तर ते एका चॅनेलवर होतं आणि लाखावर लोकांनी ऐकलं होतं. ती मला म्हणाली, ‘आवाज तं माहाच हाय ताई, पण खाली नाव भलत्याचंच हाय.’ मी पैशांचं काढलं, तर म्हणे, ‘पैशाचं जाऊ द्या. माह्या पोरीनं शाळेत सांगतलं का हे गाणं माह्या मायचं हाय, तं कोनी खरंच मानत नाही.’

त्या चॅनेलवाल्या मुलाला आम्ही फोन केला. तो उद्धट नव्हता. म्हणाला, ‘काकू, पारंपरिक गाणं आहे, ते कोणाचंच नसतं.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे, की त्याचा जरा निकाल लावू या.

परंपरेने चालत आलेल्या गाण्याचे शब्द आणि चाल कोणा एकाच्या मालकीचे नसतात, हे बरोबर. ते गाणं तुम्ही म्हणा, मी म्हणेन, कोणी अडवू शकत नाही. पण त्या दिवशी त्या मांडवात ज्या गळ्यातून ते निघालं, तो गळा पारंपरिक नाही. तो त्या बाईचा आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ मध्ये कलाकाराचा स्वतंत्र हक्क आला. गाणं सादर करणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं रेकॉर्डिंग करून ते वापरता येत नाही, असा तो हक्क आहे आणि आता तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली. सादर करणारा कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी, असा दावा कलाकाराला करता येतो. म्हणजे नाव मागणं हा हट्ट नाही, हक्क आहे. आणि गाणं तुम्ही स्वतः रचलं असेल, तर त्याचे शब्द कागदावर उतरले त्या क्षणापासून ते तुमचे. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. तो तुमच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढे ६० वर्षं, म्हणजे नातवंडांपर्यंत पोचतो.

मोठमोठ्यांनाही हे भांडून मिळवावं लागलं आहे. १९६० च्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी हवी असा आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघे एकत्र गायले नाहीत. लता मंगेशकरांना जे मागावं लागलं, ते आपल्याला आयतं ताटात कोण वाढणार?

आता चॅनेलवाल्या मुलाची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. लॅपटॉप त्याचा, वीज त्याची, रात्री जागून कापाकापी करणारा तो. यूट्यूबवर जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा छोट्या चित्रफिती असतील तर तीन महिन्यांत एक कोटी वेळा पाहिलं जाणं, अशी अट आहे. गावातल्या बहुतेक पोरांची गाडी त्याआधीच थांबते. मोठ्या कंपन्याही त्याला सोडत नाहीत. सिनेमाच्या चालीवर भजन टाकलं, की ‘ही चाल आमची’ अशी सूचना येते आणि पैसा तिकडे वळतो. (भजनी मंडळांनो, नवीन सिनेमाच्या चालींचा मोह आवरा!) तेव्हा तो लूट करून बंगला बांधतो आहे, असं मुळीच नाही. पण नाव द्यायला त्याला एक पैसाही लागत नाही, हे त्यालाही पटलं. पंधरा दिवसांनी त्याने गाण्याखाली नाव टाकलं. कोणाचं? ताईच्या नवऱ्याचं! पुन्हा फोन केला, तेव्हा कुठे तिचं आलं.

आणि खरं सांगू? सगळा दोष चॅनेलवाल्याच्या माथी मारून चालणार नाही. अर्ध्या वेळी बायाच म्हणतात, ‘नाव नका टाकू.’ कोणाला सासरची भीती, कोणाला जातीवरून येणाऱ्या घाणेरड्या शेऱ्यांची, कोणाला ‘लोक काय म्हणतील’ याची. ही भीती खोटी नाही. शेरे काय असतात ते मी वाचले आहेत. ज्या बाईला चेहरा दाखवायचा नाही तिने दाखवू नये. नाव द्यायचं नसेल तर तेही तिचंच ठरवणं. फक्त ते तिला विचारून ठरावं, न विचारता गळून जाऊ नये. माहेरचं नाव द्या, घरातलं लाडकं नाव द्या, पण ते तुम्ही निवडलेलं असू द्या.

आपल्या परंपरेत बाईने नाव लपवलेलं नाही हो! जनाबाईने दळणकांडण करता करता अभंग रचले आणि त्यांत स्वतःचं नाव घातलं. नामदेवांच्या घरची दासी असं म्हणवून घेतलं, पण ‘जनी’ हे नाव सोडलं नाही, म्हणून ते सातशे वर्षं आपल्यापर्यंत आलं. उलट बहिणाबाई चौधरींचं पाहा. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. ती वही नसती, तर आज त्या ओळीही कुठेतरी ‘पारंपरिक’ म्हणून फिरल्या असत्या.

जात्यावरच्या ओव्यांचं काम तर आपल्याला आदर्श म्हणून समोर ठेवता येईल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावी फिरून ओव्या गोळा केल्या. हा साठा एक लाखाच्या वर गेला. १९९० च्या दशकात त्यांपैकी हजारो ओव्या बायांच्या आवाजात टेपवर घेतल्या गेल्या. २०१७ पासून ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संस्थेने त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, तिचं गाव, तालुका आणि जिल्हा असतो. ओवीसारखी परंपरेची दुसरी गोष्ट नाही. तिलाही नाव जोडता येतं, मग हळदीच्या गाण्याला का नाही?

तेव्हा रेकॉर्डिंगला बसण्याआधी साध्या वहीच्या कागदावर चार ओळी लिहा. गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या सगळ्याजणींची नावं. गाणं कुठे टाकायचं आणि कुठे नाही. पैसे आलेच तर वाटणी कशी. डीजेला किंवा जाहिरातीला द्यायचं असेल तर आधी विचारायचं. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि कागदाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर. बचत गटाचं रजिस्टर आपण नीट ठेवतो, हे त्याहून सोपं आहे.

आणि एक युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वीची. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांनी गाणं रेकॉर्ड केलं. भारतातल्या अगदी पहिल्या रेकॉर्डिंगांपैकी ते. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणतं गाणं कोणाचं हे कळावं, म्हणून गाणं संपताच त्या इंग्रजीत ठणकावून सांगायच्या, की माझं नाव गौहर जान. आजही ती जुनी तबकडी वाजवली की शेवटी ते नाव ऐकू येतं.

गाण्याखालचं नाव कोणीही पुसू शकतो. गाण्याच्या शेवटी आपल्याच आवाजात सांगितलेलं नाव कापून काढायला मुद्दाम बसावं लागतं. दारव्ह्याच्या मंडळाला मी हे सांगितलं, तर बाया आधी खूप हसल्या. मग एकेकीने माईकजवळ येऊन आपलं नाव आणि गाव म्हणून पाहिलं. अकरापैकी सात जणींनी ‘सौ.’ पासून सुरुवात करून नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, जणू उखाणाच! दुसऱ्या खेपेला स्वतःचं घेतलं. सत्तरीच्या एका आजीला मात्र तीनदा सांगावं लागलं, कारण तिला नावाने हाक मारून कोणाला किती वर्षं झाली, ते तिलाच आठवत नव्हतं.

तुमच्या गावात, तुमच्या मंडळात कोणी गाणं रेकॉर्ड करत असेल, तर यंदा एवढं करून पाहा. गाणं संपलं की लगेच बटण बंद करू नका. आधी नावं सांगा.